साहेबांच्या पाठीमागच्या खुर्च्या

सभेला कोणीही यावं, असं पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि ते अगदीच खोटं असतं असं नाही. येऊ सगळेच शकतात. आलेल्यांतले आत किती जातात आणि आत गेलेल्यांतले कॅमेऱ्यासमोर कोण बसतात, ही पुढची गोष्ट. ती पोस्टरवर मावत नाही. त्यासाठी पक्षाने खुर्चीताईला ठेवलेलं होतं.

खुर्चीताई हे तिचं खरं नाव नव्हे, पण पक्षाच्या कचेरीत दुसरं नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही. साहेब बोलायला उभे राहिले की त्यांच्या पाठीमागे, पायऱ्यांवर मांडलेल्या खुर्च्यांत जी माणसं दिसतात, टाळ्या वाजवतात, मान डोलावतात, ती आपणहून तिथे येऊन बसलेली असतात असा लोकांचा समज असतो. हा समज शाबूत राहावा म्हणून ही बाई सकाळपासून पायांचे तुकडे पडेपर्यंत उभी असायची. पूर्वी ती एका सिनेमा थिएटरात डोअरकीपर होती. अंधारात बॅटरी दाखवून माणसं बसवायची. थिएटर बंद पडलं, तेव्हा पक्षातल्या कोणाला तरी आठवलं की ही बाई माणसांना न दुखावता हव्या त्या जागी बसवते. तेव्हापासून ती उजेडात तेच काम करत होती, आणि अंधारातलं काम किती बरं होतं हे तिला रोज आठवायचं. अंधारात माणसाचं तिकीट बघावं लागतं, तोंड बघावं लागत नाही.

इथे तोंडच बघायचं होतं. एक म्हातारा चालतो, दोन चालतात, तीन झाले की दवाखान्याबाहेरची रांग वाटते. तान्हं मूल एकच, तेही झोपलेलं. चष्मा चालतो, काळा चष्मा नाही. फार देखणं कोणी नको, लोक साहेबांना सोडून तिकडेच बघत बसतात. कामगार हवा, पण आंघोळ केलेला. जांभई देणारा माणूस त्याने जांभई देण्याआधी ओळखता यायला हवा. आणि ज्याच्या मनात काही विचारायचं आहे, त्याला तर व्यासपीठाच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही. हे सगळं तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकेकदा बोलणी खाऊन खाऊन ते तिच्या अंगात मुरलं होतं.

बोलणी खायची ती कानातून. तिच्या उजव्या कानात एक यंत्र खुपसलेलं असायचं आणि त्यात एक माणूस राहायचा. म्हणजे तो बसायचा बाहेर, पडद्यांनी भरलेल्या व्हॅनमध्ये, पण तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. ती त्याला घरी 'कानातला' म्हणायची आणि तोंडावर 'सर'. आवाजावरून तिच्या भाच्याच्या वयाचा वाटायचा. "ताई, दुसऱ्या रांगेत हिरवं फार झालंय." "ताई, त्या मावशींना पर्स मांडीवरून खाली ठेवायला सांगा." "ताई, डावीकडे जरा तरुण भरा." दिवसभर असं चालायचं. घरी गेल्यावर यंत्र काढून ठेवलं तरी कान थोडा वेळ वाट बघत राहायचा.

या कामाची एक रीत होती आणि तिचा तिला, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता. कोणाला नाही म्हणायचं नाही, आणि का नाही ते तर कधीच सांगायचं नाही. माणूस परत गेला पाहिजे, पण आपल्याला परत पाठवलं हे त्याला कळता कामा नये. 'जागा भरल्या हो', 'तुम्हाला तिकडून जास्त छान दिसेल', 'इथे एसीचा झोत अंगावर येतो, तुम्हाला बाधेल'. थाप तोंडावर मारायची, पण मायेने. इतक्या वर्षांत एकही माणूस रागावून गेला नाही, असं ती कचेरीत सांगायची.

त्या दिवशी दुपारची सभा इनडोअर स्टेडियममध्ये होती. सकाळीच एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पांढरे केस, पायांत रुग्णालयातले असतात तसले मऊ बूट. निवृत्त नर्स. खुर्चीताईने तिला लगेच ओळखलं, कारण या बाईने वर्षभरापूर्वी एका छोट्या बैठकीत उठून प्रसूतीचा वॉर्ड कधी उघडणार असं विचारलं होतं. नुसतं विचारलं होतं, आरडाओरडा नाही, काही नाही. पण तेवढ्याने ती कायमची लक्षात राहिली होती.

"जागा भरल्या हो," खुर्चीताई म्हणाली.

"मागच्या वेळीही भरल्याच होत्या."

"हो ना. फारच गर्दी होते हल्ली."

नर्सबाईंनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. व्यासपीठामागच्या खुर्च्या वरपासून खालपर्यंत रिकाम्या होत्या. "या कोणाच्या?"

"राखीव आहेत."

"कोणासाठी?"

"येणाऱ्यांसाठी."

"मी आलेच आहे की," नर्सबाई म्हणाल्या. मग थोडं हसल्या, खुर्चीताईच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि वरच्या गॅलरीचा जिना चढायला लागल्या. तिथून साहेब मुंगीएवढे दिसतात. खुर्चीताईला वाटलं, चला, ही पण रागावली नाही.

तिचं लक्ष खरं तर घरी अडकलेलं होतं. घरी पेंटर होता. पेंटर म्हणजे तिचा नवरा. सगळी वस्ती त्याला पेंटर म्हणायची, आणि चारचौघांत तीही 'आमचे पेंटर' असंच म्हणायची. भिंती रंगवायच्या दिवसांत पक्षाच्या अर्ध्याहून अधिक भिंती याच्या हातच्या असायच्या. दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, सुट्टीच्या दिवशी शिडी खांद्यावर टाकून पक्षासाठी भिंती. साहेबांचा चेहरा तो डोळे मिटून काढायचा. फोटो एकच होता, कोपरे झिजलेला, वर्षानुवर्षं तोच. एकदा कचेरीतून नवा फोटो आला तो उलटा छापलेला, आणि याने बाजाराच्या अख्ख्या भिंतीवर साहेबांचा भांग उजवीकडे पाडून ठेवला. कार्यकर्ते धावत आले. पुन्हा शिडी लावून त्याने रातोरात भांग डावीकडे नेला आणि वर म्हणाला, "साहेबांनाच एकदा नीट बघायला पाहिजे बुवा. फोटोचा काही भरवसा नाही." मग छापील फलक आले, भिंती गेल्या, आणि साहेबांना जवळून बघायचं राहिलं ते राहिलंच. लांबून मैदानातून बघितलं तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, मग हळूहळू पाय परत आला, हात नाही. आणि तोंड. डावी बाजू सैल पडून राहिली ती राहिलीच. गप्प असला की फारसं कळायचं नाही. पण खूश झाला की उजवाच ओठ वर जायचा आणि डावा तसाच लोंबत राहायचा. ओळखीच्या माणसालासुद्धा वाटायचं, हा आपली टर उडवतोय. एकदा शेजारच्या घरी मुलीचं लग्न ठरलं, पेंटर मनापासून आनंदला, आणि मुलीच्या बापाने त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"तुझं काम आहे तिथे, मला एकदा नेऊन बसव की," हे तो झटक्यानंतर दर सभेला म्हणायचा. आणि ती दर सभेला काहीतरी सांगायची. गर्दी फार असते. तुम्हाला जिना झेपणार नाही. पुढच्या वेळी बघू. बाहेरच्यांना ज्या थापा मारायची त्याच घरी वापरायची, नव्या कुठून आणणार? त्या दिवशी सकाळीही तो दाढी करून बसला होता. एका हाताने दाढी करायला त्याला वेळ लागायचा. निळा शर्ट त्याने स्वतःच इस्त्री केला होता, अर्थात एकाच बाजूने.

"आज नको," ती चपला घालता घालता म्हणाली होती. "आज फारच धावपळ आहे."

"बरं," तो म्हणाला होता. त्याला 'बरं' म्हणायची इतकी सवय झाली होती की तिला कधीकधी त्याचाच राग यायचा.

दुपार झाली तरी खुर्च्या निम्म्या रिकाम्या. मागच्या रांगांसाठी म्हणून जी माणसं निवडून ठेवली होती, त्यांची बस पुलावर बंद पडली होती. आत मैदानात लोक दाटीवाटीने उभे होते, वर गॅलरीत नर्सबाई होत्या, आणि साहेबांच्या पाठीमागे नुसती प्लास्टिकची पाठ दिसत होती. कानातला आधी शांतपणे बोलत होता, मग जोरात, मग त्याने ताळतंत्रच सोडलं. "ताई, भरा! कोणीही भरा! साहेब गाडीतून उतरले!"

"कोणीही म्हणजे कोण, सर?"

"श्वास घेणारा कोणीही!"

ती मैदानाच्या कठड्याकडे धावली. ज्यांना सकाळी तिनेच गोड बोलून मागे पाठवलं होतं, त्यांतल्यांनाच हाताला धरधरून वर काढायला लागली. माणसं खूश. कोणी विचारलं नाही की सकाळी भरलेल्या जागा दुपारी रिकाम्या कशा झाल्या. तेवढ्यात दारावरचा पहारेकरी तिच्याकडे आला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण तो दारात उभा राहिला की दार दिसायचं नाही.

"ताई, बाहेर एक काका बसलेत. मघापासून. तुमचे मिस्टर म्हणतायत. मी काही आत सोडलं नाही, पास नव्हता."

ती तशीच दाराकडे धावली. बाहेर फुटपाथच्या कडेला, कठड्याला टेकून, पेंटर बसला होता. निळा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दोन बस बदलून आला होता.

"अहो, काय हे! सांगितलं होतं ना मी?"

"मी काही आत नाही येत," तो म्हणाला. "गाडीतून उतरताना दिसतील म्हणून आलो होतो. पण ते दुसरीकडून गेले म्हणे."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. आणि कानात तो दुसरा ओरडत होता, तिसऱ्या रांगेत अजून एक, एकच, टोकाची! तिने हिशेब केला तो असा: तिसरी रांग, टोकाची खुर्ची, पुढे मघाशीच बसवलेला तो उंच मेकॅनिक आहे, कॅमेरा तिकडे फारसा जात नाही. पण खरं सांगायचं तर हिशेब नंतर केला. आधी तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

"चला. पटकन चला."

"खरंच?" तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे अर्धं तोंड हसलं.

"हसू नका," ती म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. "म्हणजे, जिना आहे. पायाकडे लक्ष द्या."

पेंटर खुर्चीत टेकायला आणि साहेब यायला एकच गाठ पडली. स्टेडियम उठून उभं राहिलं. ती व्यासपीठाच्या बाजूला, काळ्या पडद्याच्या आड, तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथून तिला मागच्या रांगा दिसायच्या, आणि समोर स्टेडियमच्या पलीकडच्या टोकाला लावलेला प्रचंड पडदाही दिसायचा. साहेब बोलायला लागले. तेच भाषण होतं. कुठे थांबायचं, कुठे टाळ्या, कुठे आवाज खाली, तिला पाठ होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पुढे वाकून, मान ताणून, साहेबांच्या मानगुटीकडे बघत होता. तीस वर्षं तोंड रंगवलं आणि वाट्याला आली मानगूट, असं तिच्या मनात आलं आणि तिला एवढ्या शिणवट्यातही हसू फुटलं. त्याचं मात्र काही अडलेलं दिसत नव्हतं. साहेब थांबले की तो उजव्या हाताने मांडीवर थापा मारायचा, कारण टाळी त्याला वाजवता यायची नाही. इतका खूश तो झटका आल्यापासून कधी दिसला नव्हता. ओठ वर, आणखी वर.

साहेबांनी मग आवाज खाली आणला. हा गरिबांच्या दुःखाचा भाग होता. समोरच्या पडद्यावर साहेबांचा चेहरा मोठा झाला, आणि त्यांच्या खांद्याच्या मागे, उंच मेकॅनिक नेमका बुटाची नाडी बांधायला वाकला होता म्हणून, पेंटरचा.

"ताई," कानातला म्हणाला. त्याचा आवाज आता गार झाला होता. "तिसरी रांग, टोकाला, निळा शर्ट. कोण आहे तो?"

तिने काळा पडदा जरा बाजूला सारून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"तो हसतोय, ताई. साहेब गरिबांबद्दल बोलतायत आणि तो मागे तोंड वाकडं करून हसतोय. काढा त्याला."

"हसत नाहीये, सर. म्हणजे तसा नाही हसत. खूश आहे तो. त्याचा चेहराच तसा आहे, आजारी होता."

"मग तर काढाच."

"सर, कॅमेरा जरा इकडे घेता नाही का येणार? दोन मिनिटं. मी त्यांना—"

"लोकांनी फोनवर फिरवायला सुरुवात केलीय, ताई. 'साहेबांच्या मागचा माणूस बघा.' समजतंय का? पैलवानाला पाठवू का?"

तेव्हा सांगायचं होतं. तिच्या जिभेवर आलेलंसुद्धा होतं. माझा नवरा आहे तो. चारच शब्द. त्याने काय केलं असतं? ओरडला असता, कदाचित घरी बसवलं असतं. कदाचित काहीच केलं नसतं, गप्प झाला असता. पण दोघांच्या घरात आता एकच पगार येत होता, आणि ते कारण पुरेसं असतं तर गोष्ट वेगळी. खरं कारण ते नव्हतं. पडद्यावर ते तोंड घराएवढं झालेलं होतं, आणि ते आपलं आहे असं म्हणायला तिला, त्या एका क्षणी, लाज वाटली.

"नको," ती म्हणाली. "मी जाते."

ती वाकून, कॅमेऱ्याच्या खालून, तिसऱ्या रांगेपर्यंत गेली. पेंटर आता हसत नव्हता. ओठ घट्ट मिटून, समोर दूर कुठेतरी बघत बसला होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, चला. साहेबांनी तुम्हाला मागे बोलावलंय. भाषण झालं की भेटायचंय म्हणाले. भिंती रंगवणारे पेंटर आलेत असं मी सांगितलं त्यांना."

थाप कशी तयार झाली ते तिलाही कळलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने ती आपोआप ओठावर आली, मायेने भरलेली, एकही टाका न उसवलेली.

पेंटरने तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "हो का? चल तर मग," आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठला. पाय ओढत, माणसांच्या गुडघ्यांना 'माफ करा, माफ करा' म्हणत तो रांगेबाहेर आला. त्याच्या जागेवर तिने एका तरतरीत मुलीला बसवलं. कानातला म्हणाला, "छान. थँक यू, ताई."

व्यासपीठामागे एक अरुंद बोळ होता. जिकडेतिकडे वायरींचे वेटोळे, मोडकी खोकी आणि भिंतीला लावलेले वाळूचे लाल डबे. एका लोखंडी खुर्चीवर तिने त्याला बसवलं. पाणी आणून दिलं. "इथेच थांबा. मी आलेच," म्हणाली आणि गेली, कारण अजून अर्धं भाषण उरलं होतं आणि पहिल्या रांगेतलं बाळ जागं झालं होतं.

त्या उरलेल्या वेळात तिने पुढची थाप जुळवली. साहेबांना अचानक फोन आला. दिल्ली, मुंबई, कुठूनही यावा असा मोठा फोन. जाताना आवर्जून म्हणाले, पेंटरना सांगा, पुढच्या वेळी नक्की. हे 'आवर्जून' तिला चांगलं वाटलं. साहेब नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूने उतरले, गाडीत बसले आणि धुरळा उडवत गेले. त्या बोळाकडे त्यांची पावलं कधी वळत नसत हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पेंटरला ते कसं माहीत असणार.

ती बोळात आली तेव्हा तो तसाच बसला होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ते त्याने एका हाताने लावलं होतं, म्हणजे बराच वेळ खटपट केली असणार.

"अहो, काय सांगू, साहेबांना ऐनवेळी—"

"गेले ना?" तो म्हणाला. "जाऊ दे. दमले असतील. एवढं बोलायचं म्हणजे काय सोपं आहे?"

"आवर्जून म्हणाले, पुढच्या वेळी नक्की."

"हो, हो," तो म्हणाला.

तिला सुटल्यासारखं झालं. इतकी सोपी गेलेली थाप तिच्या हातून क्वचितच निघाली होती. तिने कानातलं यंत्र काढून पिशवीत टाकलं, आणि दोघं रस्त्यावर आली. ऊन उतरलं होतं. स्टेडियममधून बाहेर पडणारी माणसं फुटपाथभर पसरली होती. बसथांब्यावर बाक रिकामा मिळाला. दोघं टेकली. तिने चपला काढल्या आणि पाय एकमेकांवर चोळले.

"तुला कोणी बोललं नाही ना?" पेंटरने विचारलं.

"कशाबद्दल?"

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे काय बोलायचंय? साहेबांनी स्वतः बोलावलं तुम्हाला."

"अगं, समोर केवढा पडदा होता," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत. "साहेब मला मागूनच दिसत होते, म्हणून मी त्या पडद्यात बघत होतो. म्हटलं, चला, तोंड तरी दिसेल. तर तिथे मीच. आधी मला कळेचना हा कोण इसम साहेबांच्या मागे दात काढतोय. मग शर्ट ओळखला."

तिने पायानेच चपला चाचपून जवळ ओढल्या.

"बंद करायला बघत होतो. खरंच बघत होतो. ओठ आवळून धरला. तोवर तू आलीस."

"मग उठलात कशाला, माहीत होतं तर? मला तिथेच विचारायचं ना?"

"तिथे सगळ्यांसमोर? तू एवढी वाकून आली होतीस, एवढं गोड बोललीस. म्हटलं, हिचं काम आहे ते. होऊ दे नीट."

तिला एकदम सकाळची नर्सबाई आठवली. दंडावर ठेवलेला तो हात आठवला. म्हणजे त्या बाईलाही कळलं होतं. आणि त्याआधीच्यालाही, आणि त्याच्याही आधीच्या सगळ्यांना. एसीचा झोत, छान दिसणारी दुसरी बाजू, भरलेल्या जागा. कोणालाही कधी फसवता आलं नव्हतं. माणसं तिच्यावर रागावत नव्हती, कारण त्यांना तिची कीव यायची. इतकी वर्षं ती ज्याला आपलं कसब समजत होती, तो सगळा समोरच्यांचा समंजसपणा होता. तिला रडू येईल असं वाटलं, पण ते येण्याइतकं बळही अंगात उरलं नव्हतं.

"सांगायचं होतंस मला," पेंटर म्हणाला. "आधीच सांगायचं होतंस, तोंडामुळे नेत नाही म्हणून. दोन वर्षं उगाच जिन्याचं नाव घेत राहिलीस. मी तोंडावर हात धरून बसलो असतो. टाळ्या राहिल्या असत्या, एवढंच."

"गप्प बसा हो," ती म्हणाली. "कशाला धरायचा हात? काय चोरी केलीय का तुम्ही?"

"मी आपलं सुचवलं," तो म्हणाला.

बस लांबून दिसली, पण सिग्नलला अडकली. पेंटरने उठायची तयारी म्हणून उजवा हात बाकाच्या कडेवर टेकवला आणि मग तसाच थांबला. काहीतरी राहून गेल्यासारखा.

"एक विचारू? तुझ्या त्या कानातल्याला तू सांगितलंस का? मी तुझा कोण ते?"

प्रश्नात काही काटा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तिच्याकडे एवढ्याशा अवकाशात दहा उत्तरं तयार होती, आणि त्यातलं कुठलंही तो मुकाट्याने खरं मानून घेणार होता, हेही तिला आता माहीत होतं. म्हणूनच तिला त्यातलं एकही उचलवेना.

"नाही," ती म्हणाली. "नाही सांगितलं."

पेंटरने मान डोलावली. सिग्नल सुटला, बस थांब्याशी येऊन उभी राहिली, दार उघडलं.

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि हसला. उजवा ओठ वर गेला, डावा तसाच राहिला. हे हसू जगात दुसऱ्या कोणाला कळलं नाही तरी आपल्याला कळतं, असं ती दोन वर्षं मानत आली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो खरंच बरं केलंस म्हणत होता, की नव्हता, ते तिला सांगता येईना. मागची माणसं चढायची घाई करायला लागली, तेव्हा तिने त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला पायरीवर चढवलं.